साडेएकोणीस इंचांची मांडी

माणसाची मांडी बघून तो खरं बोलतोय की खोटं हे आपल्याला कळतं, असं मी बरीच वर्षं समजत होतो. व्यायामशाळेत काम करणाऱ्याला हा आजार जडतोच. समोरचा चहा पीत असतो, आपण त्याचं मनगट बघत असतो. कोणी सांगितलं की रोज दोनशे बैठका मारतो, की आपली नजर त्याच्या गुडघ्याच्या वर जाते आणि आपण मनात म्हणतो, चाळीस. या संशयी नजरेचा मला अभिमान होता. तिनं एका पोराचं काय केलं ते आज लिहायला बसलो आहे.

चंद्रपुरात एका व्यायामशाळेत मी ‘मास्तर’ होतो. या शब्दानं कोणी फसू नये. माझी शाळा सहावीत सुटली. मालेगावात पॉवरलूमवर होतो, तिथून गाद्या भरणाऱ्या मामूच्या मागं इकडं आलो. मामूचं दुकान चाललं नाही, तो परत गेला. मी राहिलो, कारण बापूरावभाऊंनी मला व्यायामशाळेच्या मागची खोली दिली. भाऊ ऊर्जानगरच्या वीजकेंद्रातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. व्यायामशाळा त्यांनी स्वतःच्या हातानं उभी केली होती. सळया भंगारातल्या शाफ्टच्या, वजनं खाणीतल्या कोळशाच्या डब्यांच्या चाकांची, लाकडाच्या टालीवर तोलून पांढऱ्या रंगानं आकडे टाकलेली. माझं काम पहाटे कुलूप काढणं, झाडणं, सळयांना तेल लावणं. आधीचे मास्तर एक दिवस निघून गेले तेव्हा भाऊ मला म्हणाले, आता तूच पाह्य. झालो मास्तर.

एवढ्या उपकाराखाली राहणाऱ्या माणसाला गाढ झोप लागत नाही. ही खोली गेली तर आपण कुठले, हा प्रश्न उशाशीच असतो. मालेगाव म्हटलं की समोरचा माझ्या तोंडाकडे पुन्हा एकदा बघायचा. म्हणून भाऊंचा शब्द मी खाली पडू देत नव्हतो. त्यांनी अर्धा सांगितला तर मी पाऊण पाळायचो.

आता धंदा कसा चालायचा ते सांगतो. पोलीस भरती निघाली की गडचिरोली जिल्ह्यातून, जंगलातल्या गावांतून पोरं दोन-तीन महिन्यांसाठी चंद्रपुरात येत. कोणाच्या मावशीकडे, कोणाच्या ओसरीवर राहत. पहाटे धावायचं, इरईच्या वाळूनं भरलेल्या खड्ड्यात लांब उडी मारायची, गोळा फेकायचा आणि आमच्याकडे वजन उचलायचं. या पोरांना शरीर दाखवायचं नसतं, मार्क हवे असतात. उडी थोडी पुढं गेली की मार्क वाढतो, आणि एका मार्कावर घर उभं राहतं किंवा राहत नाही.

मंगळवारी टेप लागायची. भाऊ मारुतीसमोर नारळ फोडायचे, मी खोबरं वाटायचो आणि मग शिंप्याची टेप घेऊन एकेकाची छाती, दंड, मांडी मोजायचो. आकडे भिंतीवर खडूनं लिहिले जायचे. कोणी किती वजन उचललं, कोणाची उडी कुठवर गेली, हे मात्र भिंतीवर कुठंच नव्हतं. भाऊंचं म्हणणं, माणूस जोर लावताना लबाडी करते, टेप करत नाई. मला हे पटायचं. मांस वाढलं म्हणजे ताकद वाढली, याहून दुसरं काही असू शकतं हे आमच्या दोघांच्याही डोक्यात कधी आलं नव्हतं.

आणि सुईची भीती होती. त्या वर्षांत एक माणूस लुनावर फिरायचा. पुढच्या पिशवीत पावडरचे डबे आणि डब्यांच्या खाली लेबल खरवडलेल्या काचेच्या छोट्या बाटल्या. एका तालमीबाहेर पोरांना तो म्हणायचा, महिन्यात बैल होशीन. आमच्याच एका पोरानं त्याच्याकडून इंजेक्शनं घेतली. दोन महिन्यांत त्याचे दंड फुगले, पाठभर फोड आले, चेहरा सुजल्यासारखा दिसायला लागला. भिंतीवरचा त्याचा आकडा वाढताना मी खूश होतो, हेही सांगायला पाहिजे. एक दिवस गोळा फेकायला वळला आणि तिथंच बसला. दवाखान्यात नेल्यावर सगळं उघडं झालं. पोरगा वाचला, पण त्याचा बाप चार माणसं घेऊन आमच्या फाटकाशी आला आणि भाऊंना नाही नाही ते बोलला. त्या संध्याकाळी भाऊंनी मला समोर उभं केलं.

“यापुढं कोनी सुई घेतली अन् मले बाहेरून समजलं, तं तो पोरगा जाईन अन् त्याच्यासंग तूबी जाशीन.”

तेव्हापासून मी सगळ्यांकडे चोर म्हणून बघायला लागलो.

मासू उसेंडी आला तो यानंतरच्या भरतीला. एटापल्लीच्या पुढं, रस्ता संपल्यावर बरंच चालून जावं लागतं अशा गावचा. दहावी पास. उंच, काळा, पाय काठीसारखे. फार बोलायचा नाही. मराठी त्याला शाळेत शिकावी लागली होती, त्यामुळे बोलण्याआधी शब्द तपासून घेतल्यासारखा थांबायचा. मला ते थांबणंच खटकलं. माझ्या हिशोबात लपवणारा माणूस असा थांबतो.

पहिल्या मंगळवारी त्याची मांडी साडेएकोणीस इंच भरली. खांद्यावर सळई घेऊन बैठक मारायला लावली तर चाळीस किलोला लटपटला. पोरं हसली. तो हसला नाही, रागावलाही नाही. दुसऱ्या आठवड्यात पन्नास झाले. चौथ्यात साठ. सहाव्या आठवड्यात पंच्याहत्तर किलो घेऊन तो खाली गेला आणि उठताना चाकं एकमेकांवर वाजली, इतका झटक्यात उठला. उडी आली तेव्हा पंधरा फुटांची होती, ती सोळाच्या पुढं गेली. मी मंगळवारी टेप लावली. साडेएकोणीस. पुन्हा लावली, थोडी वर, थोडी खाली. सूतभर फरक नाही.

मांस नाही, मग जोर आला कुठून? बाहेरून. याशिवाय दुसरं उत्तर मला सुचलं नाही.

दोन दिवस मी त्याच्यावर पाळत ठेवली. तो कोणाशी बोलतो, कुठल्या दुकानात थांबतो. काही सापडलं नाही, त्यानं माझा संशय आणखी पक्का झाला; सराईत असणार. तिसऱ्या दिवशी तो वाळूच्या खड्ड्याकडे गेल्यावर मी खुंटीवरची त्याची पिशवी काढली आणि आत हात घातला. एक शर्ट, भरतीचा कागद, पानात बांधलेली मोहाची सुकवलेली फुलं आणि तळाशी एक काचेची छोटी बाटली. लेबल नाही. तोंडाला चिंधीचा बोळा. आत पिवळट, दाट काहीतरी.

मी ती बाटली घेऊन थेट भाऊंकडे गेलो. वाटेत मला, खरं सांगतो, थोडं हलकं वाटत होतं. यावेळी बाहेरून कळण्याआधी मी सांगणार होतो.

मासूला बोलावलं. त्यानं बाटली बघितली, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाला, टोळीचं तेल आहे, आईनं देल्लं, मांडीले चोळाले. टोळी म्हणजे मोहाची बी. तिचं तेल त्या भागात घरोघर असतं, स्वयंपाकाला, अंगाला, दिव्याला. भाऊंनी वास घेऊन तोंड वाकडं केलं. मग भिंतीकडे बोट दाखवून विचारलं, मांडी वाढली नाई अन् वजन वाढलं, हे कसं? मासूनं त्या आकड्यांकडे बघितलं. हे कसं ते आम्हा तिघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं, पण भाऊंनी जायला सांगितलं त्याला. भरतीला सतरा दिवस होते. त्यानं पिशवी उचलली आणि गेला. त्याच्या नावाची ओळ मीच ओल्या फडक्यानं पुसली.

भाऊंचा गुडघा तेव्हा धरला होता. दर गुरुवारी मी त्यांना ऊर्जानगरच्या दवाखान्यात शेकायला न्यायचो. तिथं मीनाक्षीबाई नावाच्या एक व्यायामोपचार करणाऱ्या बाई होत्या. मोडलेली, आखडलेली माणसं पुन्हा चालवणं हे त्यांचं काम. भाऊ गुडघ्यावर गरम पिशवी ठेवून पडले होते आणि बाईंना रंगवून सांगत होते, आमच्या शब्बीरनं, म्हणजे मी, कसा सुईवाला पकडला. बाई दुसऱ्या कोणाचा खांदा फिरवत ऐकत होत्या. मध्येच त्यांनी विचारलं, त्याची मांडी किती वाढली होती?

“कुठी वाढली, बाई? सूतभर नाई वाढली,” भाऊ म्हणाले. “म्हणून तं पकडला.”

बाईंचे हात थांबले.

“बापूराव, त्यानं तसलं इंजेक्शन घेतलं असतं तर मांसच आधी फुगलं असतं. तुमची टेप त्याच्या बाजूनं साक्ष देत होती.”

भाऊ छताकडे बघत होते.

बाईंनी मग जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो, कारण मला ते लूमवरूनच समजलं. स्नायू म्हणजे बारीक धाग्यांचा ताणा. त्या प्रत्येक धाग्याला वरून हुकूम यावा लागतो. ज्यानं कधी वजन उचललं नाही त्याचे कितीतरी धागे तसेच पडून असतात. हुकूम त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही, किंवा एक आधी ओढतो, एक मागून. पहिले दीड-दोन महिने वजन उचललं की धागे फारसे जाड होत नाहीत, हुकूम पोचायला शिकतो. त्यामुळे टेप हलत नाही आणि जोर वाढतो. जाडी यायची ती नंतर, हळूहळू, आणि पोटाला नीट मिळालं तर.

दुसरं त्याहून मोठं होतं. धाग्यांत काही सावकाश पण दिवसभर काम करणारे, काही झटक्याचे आणि लवकर थकणारे. झटक्याचे धागे सगळ्यांत शेवटी जागे होतात, वजन भारी असेल तेव्हा किंवा झटकन उठायची जिद्द असेल तेव्हा. उडी मारताना पाय फळीवर पापणी लवेल एवढाच वेळ टेकतो. जो जोर तेवढ्या वेळात आला तो आपला, मागून आलेला वाया. आणि स्नायू हाडाला जोडणारा जो दोर असतो तोही वजनानं घट्ट होत जातो. लूमवर आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला फटका देणाऱ्या दांडीचा चामडी पट्टा सैल पडला की मोटर कितीही ताकदीची असो, फटका उशिरा बसतो, धोटा मध्येच अडकतो आणि शंभर धागे तुटतात. हे मी वयाच्या बाराव्या वर्षापासून रोज बघत होतो. माणसाच्या पायात तेच चाललेलं असतं, हे मला पस्तिशीला कळलं.

आणि आम्ही पोरांकडून काय करून घेत होतो? हळू, मोजून, पाय कापेपर्यंत बैठका. दमला म्हणजे कमावलं. त्याच थकलेल्या पायांनी त्यांना उड्या मारायला लावायचो आणि उडी घटली की आणखी बैठका. कितीजणांचे मार्क असे घालवले असतील कोण जाणे. मासू मात्र आपल्याआपण झटक्यात उठायचा, थोड्याच वेळा उचलायचा आणि बसून राहायचा. मी त्याला आळशी म्हणायचो.

आम्ही वीजकेंद्राच्या बसनं परत आलो. उतरल्यावर भाऊ म्हणाले, टेप तूच लावली, आता तूच जाऊन पाह्य. त्यांनी स्वतः येण्याची गोष्ट काढली नाही. मीही काढली नाही.

आलापल्लीवरून एटापल्ली, तिथून कोणाच्या तरी ट्रॅक्टरवर, मग पायी. तो मोहाचा मोसम होता. सगळ्या रानाला गोड, आंबूस वास. गावात बारा-पंधरा घरं. मी मासूचं नाव घेऊन विचारलं आणि विचारताच चूक झाली. अनोळखी माणूस, अंगात शर्ट-पॅंट, खांद्याला बॅग, बोली भलतीच, आणि एका तरण्या पोराचं नाव विचारतोय. त्या वर्षांत त्या रानात याचा अर्थ चांगला होत नव्हता. मला पाणी मिळालं, सावलीला बसायला मिळालं, उत्तर मिळालं नाही. एक म्हातारा समोर बसून राहिला. एक बाई येऊन माझ्या बॅगेकडे बघून गेली. तासभर मी तिथं बसलो आणि माझ्याकडे कोणी कसं बघतंय ते मला चांगलंच ओळखीचं वाटत होतं. तसं मी रोज लोकांकडे बघायचो.

मासू टोपलं घेऊन आला. म्हाताऱ्याशी त्यांच्या भाषेत काही बोलला, तेव्हा म्हातारा उठला. मासूनं टोपलं खाली ठेवलं.

“तुमी पिशवीत हात घातला,” तो म्हणाला. “मले म्हटलं असतं तं मीच उलटी करून देल्ली असती.”

मी म्हटलं, चूक झाली.

“तुमची का भाऊची?”

“माझी. भाऊंना मी सांगितलं.”

“काऊन?”

वाटेत मी बरीच उत्तरं जुळवली होती. ती कुठल्या कुठं गेली. मी म्हटलं, माझी खोली जाईल म्हणून भ्यालो होतो.

त्यानं थोडा विचार केला. “मंग माह्यी भरती गेली तं चालत होतं तुमाले.”

तो विचारत नव्हता. मग बाईंनी सांगितलेलं सगळं त्याला सांगितलं, धागे, हुकूम, पट्टा. तो लक्ष देऊन ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, तिथी मी येत नाई, इथी सांगा काय सांगाचं ते. मी दोन दिवस राहिलो. पोत्यात दगड भरून खांद्यावर दिलं. पाच वेळा, वर येताना झटका, मग पुरता विसावा. लाकडाच्या ओंडक्यावरून खाली, जमिनीला पाय टेकले न टेकले की वर. दमायच्या आधी थांबायचं. शेवटचे तीन-चार दिवस काहीच नाही. त्याच्या आईनं मला आंबील दिली, पण माझ्याशी ती बोलली नाही. संध्याकाळी ती त्याच बाटलीतल्यासारखं तेल पोराच्या मांडीला चोळत होती आणि मी दुसरीकडे बघत होतो.

भरतीच्या दिवशी जिल्ह्याच्या मैदानावर दोरीच्या बाहेर उभा राहिलो. मला कोणी बोलावलं नव्हतं. मासूची पहिली उडी फळीच्या पुढं पाय पडून बाद झाली. दुसऱ्या उडीला त्याचा पाय फळीवर लागल्याचा आवाज मला दोरीपाशी आला, कोरडा, छोटा. तो सतरा फुटांच्या पुढं पडला.

आणि तिथंच अडलं. मोजणाऱ्यानं त्याच्या पायांकडे बघितलं, मग कागदाकडे. दुसऱ्याच्या नावावर उडी मारून जाणारे तोतये तेव्हा सापडत असत, त्यामुळे ते लोकही माझ्यासारखेच बघत होते. कागदावरचा फोटो घामानं ओला होऊन पसरला होता. त्याला बाजूला घेतलं. एका साहेबांनी विचारलं, तुला ओळखणारं कोणी आलंय का इथं? मासूनं मला येतानाच बघितलं होतं. त्यानं दोरीकडे मान वळवली नाही. म्हणाला, कोनी नाई.

पोलिसांसमोर आपणहून जायचं नाही, हे मी मालेगावहून निघाल्यापासून पाळलं होतं. मी दोरीखालून आत गेलो.

साहेबांनी माझं मतदार ओळखपत्र बघितलं. मूळ गाव विचारलं, मी सांगितलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पुन्हा एकदा बघितलं. इकडं कसे, काय करता, याचे काही पैसे घेतले का. मी सगळं सांगितलं. मग म्हणाले, हा तोच मासू उसेंडी हे तुम्ही खात्रीनं सांगता? उद्या खोटं निघालं तर तुमच्यावर येईल.

“साहेब, यानं सुई घेतली असा मी शक घेतला होता,” मी म्हटलं. “याची पिशवी तपासली, याला टेप लावली, हाकलायला लावलं. खोटा मी निघालो. याला माझ्याइतकं इथं कोणी तपासलेलं नाही.”

साहेबांनी मासूकडे बघितलं. तो मैदानाकडे बघत होता. मग माझ्याकडून तसं लिहून घेतलं. सहावीतलं माझं अक्षर. चार ओळींना बराच वेळ लागला. मी सही करून मान वर केली तोवर मासू गोळ्याच्या रांगेत पोचला होता. गोळा बेताचाच गेला. त्याला हवे तेवढे दिवस मिळाले नव्हते, आणि ते कोणामुळे हे आम्हा दोघांना माहीत होतं. उडीनं त्याला तारलं. यादीत त्याचं नाव शेवटून चौथं होतं.

भाऊंनी यादी वर्तमानपत्रातून कापून ठेवली. त्या मंगळवारी त्यांनी टेप काढली नाही; मला म्हणाले, उड्या लिहीत जाय. पुढं आठवडाभर ते फाटकाकडे खुर्ची करून बसायचे. एकदा विचारलं, पोरगा पेढे घेऊन येईन का रे?

मी म्हटलं, नाही येणार, भाऊ.

तो आला नाही.